झेवियर म्हणजे नवघर: स्पॅनिश-पोर्तुगीज नावाचा अर्थ कसा शोधायचा

मुंबईत ‘मी झेवियर्सचा’ असं सांगणारे ढिगाने भेटतात. १८६९ साली सुरू झालेल्या त्या कॉलेजच्या नावाचा अर्थ काय, असं विचारलं की मात्र ‘संताचं नाव आहे’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. माझीही सरकत नव्हती. मग वसईच्या एका मित्राला मुलगा झाला, बाप्तिस्म्याची तारीख ठरली, नाव झेवियर ठरलं आणि पत्रिकेवर नावाचा अर्थही छापायची टूम निघाली. बाळांच्या नावांच्या एका ॲपने दोन सेकंदांत निकाल लावला: ‘मूळ अरबी, अर्थ तेजस्वी’. मित्राने ते मला पाठवून विचारलं, ‘छापायला टाकू ना?’

‘चार दिवस थांब,’ म्हटलं. स्पॅनिश थोडंफार येत होतं, त्यामुळे शंका आली होती. चार दिवसांनी त्याला कळवलं की झेवियर म्हणजे तेजस्वी नाही, झेवियर म्हणजे नवं घर. भाईंदरच्या नवघर रोडातलं, मुलुंडचं आणि त्याच्या वसई रोड स्टेशनाला लागून असलेलं जे नवघर, शब्दशः तेच.

ते चार दिवस काय केलं, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरण झेवियरचंच घेतो, कारण या एका नावात जवळजवळ सगळे पेच सापडतात. पायऱ्या मात्र कुठल्याही स्पॅनिश-पोर्तुगीज नावाला चालतील.

पायरी १: अर्थ नंतर, आधी नावाची सगळी रूपं गोळा करा

अर्थाच्या मागे लगेच धावू नका. आधी कागद घ्या आणि ते नाव कुठे कसं लिहितात, कसं बोलतात ते टिपा. झेवियरचा माझा कागद असा झाला होता. पोर्तुगीजमध्ये ते एक्सने सुरू होतं आणि उच्चार ‘शाव्हिएर’. स्पॅनिशमध्ये जेने सुरू होतं आणि उच्चार ‘हाविएर’, त्यातला ‘ह’ घशातून, ‘ख’च्या जवळ जाणारा. बास्क भाषेत ‘शाबिएर’. कॅटलान भाषेत पुन्हा एक्स, पण शेवटचा ‘र’ गिळतात. इटालियनमध्ये ‘साव्हेरिओ’. तमिळमध्ये ‘सवेरियार’, ज्यावरून सवरिमुत्तू हे नाव आलं. आणि ‘झ’ने सुरू होणारं आपलं झेवियर आलं इंग्रजीच्या वाटेने, त्यामुळे ते मूळ उच्चारापासून बरंच लांब आहे.

लाडाची रूपंही याच कागदावर हवीत. फुटबॉल बघणाऱ्यांना हा भाग सोपा जाईल. शावी एर्नांदेस कॅटलान, शाबी आलोन्सो बास्क आणि हावी मार्तिनेस नवारा प्रांतातला, स्पॅनिश वळणाचा. तिघंही स्पेनकडून एकत्र खेळलेले, तिघांचं नाव एकच. एकाच देशातल्या तीन भाषांनी ते तीन प्रकारे वापरलं आहे.

हे सगळं कशासाठी? नाव जिथे लिहिल्यासारखं बोलत नाहीत किंवा बोलल्यासारखं लिहीत नाहीत, तिथे इतिहास लपलेला असतो. इथे दोन गट दिसतात, ‘श’वाले आणि ‘ह’वाले. ही फट लक्षात ठेवा, पायरी ४ मध्ये तीच कामाला येणार आहे.

पायरी २: हे नाव मुळात नाव आहे का?

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. प्रत्येक नाव हे आधीपासून ‘नाव’च होतं असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे पंढरी नावाचा माणूस असतो, काशीबाई असते, द्वारकाबाई असते. तिथे पंढरीचा अर्थ माणसात शोधून काही मिळत नाही, तो गावात शोधावा लागतो.

झेवियर हे असंच आहे. आज ज्यांना आपण संत फ्रान्सिस झेवियर म्हणतो त्यांचं बारशाचं नाव होतं फ्रान्सिस्को. वडील हुआन दे हासो, आई मारिया दे आस्पिलिकुएता. ७ एप्रिल १५०६ ला ते जन्मले ते नवारा राज्यातल्या एका छोट्या किल्ल्यात. किल्ला आईच्या माहेरचा, आणि किल्ल्याचं नाव हाविएर. म्हणजे झेवियर हे ना त्यांचं पहिलं नाव, ना वडिलांचं आडनाव. आजोळच्या वाड्याचं नाव त्यांना चिकटलं. पाली म्हणजे गाव, त्याचा झाला पालीकर, तसलाच प्रकार.

संताच्या गावाचं किंवा घराण्याचं नाव पुढे मुलांचं पहिलं नाव होणं हा कॅथलिक जगातला अगदी रुळलेला रस्ता आहे. लुईस गोन्झागा या संतावरून ‘गोन्झागा’, फ्रान्सिस्को दे बोर्हावरून ‘बोर्हा’, इग्नेशियस लोयोलावरून ‘लोयोला’. गोव्यात आणि वसईत ही नावं कानावर येतातच. तेव्हा नाव हातात आलं की पहिला प्रश्न ‘अर्थ काय’ हा नको. ‘या नावाचा पहिला प्रसिद्ध माणूस कोण, आणि त्याला ते कुठून मिळालं?’ हा हवा.

उलटा रस्ताही आहे, तो आडनावांचा. पोर्तुगीज आडनावाच्या शेवटी जे ‘एस’ असतं त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘अमक्याचा मुलगा’ असा असतो. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, नुनीस म्हणजे नुनोचा. वाझसुद्धा वास्कोचा. स्पॅनिशमध्ये तिथे ‘एझ’ लिहितात. त्यामुळे आपल्या शेजारच्या लोपीसांच्या आडनावात एक जुनं पहिलं नाव बसलेलं आहे: लोपो, म्हणजे लांडगा.

पायरी ३: नावाचं कूळ ओळखा

आता नाव कोणत्या भाषेच्या पिशवीतलं, याचा अंदाज बांधायचा. फार पिशव्या नाहीत.

लॅटिन आणि ग्रीक नावं बहुधा सरळ असतात. बायबलमधून आलेली हिब्रू नावंही तशीच, फक्त झिजलेली. त्यातलं एक गमतीचं: याकोब हे नाव मराठी बायबल वाचणाऱ्यांना माहीत आहे. लॅटिनमध्ये ते याकोबुस, जुन्या स्पॅनिशमध्ये झिजून ‘यागो’. ‘सांत यागो’ म्हणजे संत याकोब. बोलताबोलता त्याचं एकच नाव झालं, सांतियागो. मग लोकांना वाटलं यात ‘सान’ म्हणजे संत, म्हणजे उरलेलं नाव ‘तियागो’. अशा चुकीच्या तोडीतून एक नवंच नाव जन्माला आलं, आणि आज पोर्तुगाल-ब्राझीलमध्ये ‘तियागो’ (तिकडचा उच्चार ‘तिआगू’, ब्राझीलमध्ये ‘चिआगू’) गल्लोगल्ली भेटतो. त्यातल्या ‘त’चा अर्थ शोधत बसलात तर जन्म जाईल.

जर्मॅनिक नावं व्हिसिगॉथ लोकांनी आणली. रोम कोसळल्यावर त्यांनी इबेरियावर, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालवर, राज्य केलं. रोद्रिगो, फर्नांदो, आल्व्हारो ही त्या घराण्यांतली. रोद्रिगोत दोन तुकडे आहेत, एक कीर्तीचा, दुसरा सत्तेचा. पण ‘कीर्तीने राज्य करणारा’ असं जोडून वाक्य करू नका. असे तुकडे बापाकडून एक, आजोबांकडून एक उचलून जुळवले जायचे, जोडीचा अर्थ लागलाच पाहिजे असं कुणाला वाटत नव्हतं.

बायकांच्या नावांना वेगळी नजर लागते. दोलोरेस म्हणजे दुःखं. मेर्सेदेस म्हणजे कृपा, तेही अनेकवचनात. पिलार म्हणजे खांब. पहिल्यांदा ऐकलं की प्रश्न पडतो, पोरीचं नाव ‘खांब’ कोण ठेवतं? ही सगळी येशूच्या आईची, मारियेची बिरुदं आहेत. पूर्ण नाव ‘मारिया देल पिलार’, सारागोसाच्या खांबावरची माता. ‘मारिया दे लोस दोलोरेस’, दुःखी माता. मारिया गळून पडली, बिरुद उरलं. आपण तुळजा नाव ठेवतो तेव्हा देवी मनात असते, तसंच. गोव्यातली कोन्सेसांव, पिएदाद, नातिविदाद ही नावंही इथलीच. जाता जाता, मेर्सेदेस नावाच्या एका मुलीवरूनच मर्सिडीज गाडीचं नाव पडलं. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याची ती मुलगी.

अरबी पिशवीही आहे, पण लहान. माद्रिदच्या मातेवरून आलेलं ‘आल्मुदेना’ अरबीतल्या छोट्या तटबंद शहराच्या शब्दावरून आहे. पोर्तुगालमधलं फातिमा हे गाव अरबी नावाचं, आणि १९१७ साली तिथे मातेचं दर्शन झाल्याचं सांगितलं गेल्यावर ते नाव कॅथलिक जगात पसरलं. म्हणजे ॲपने ‘अरबी’ म्हटलं तर ते अशक्य नव्हतं. फक्त सिद्ध करायला हवं होतं.

राहिली बास्क पिशवी, आणि झेवियर तिच्यात आहे. बास्क लोक पिरेनीज डोंगराच्या पश्चिम टोकाला राहतात. त्यांची भाषा स्पॅनिशची बहीण नाही, लॅटिनशी तिचं नातं नाही, जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं पक्कं ठरलेलं नाही. नवारा हा त्यांच्या सीमेवरचा मुलूख. त्यामुळे नवारातल्या किल्ल्याचं नाव आलं की पहिली शंका बास्कची घ्यायची.

पायरी ४: आवाजाची साखळी जुळवा

हा सगळा मामला इथेच उभा राहतो किंवा पडतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

बास्कमध्ये ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेर्री’ म्हणजे नवं. विशेषण नामाच्या नंतर येतं, म्हणून ‘एचेबेर्री’, नवं घर. या एका जोडशब्दावरून आडनावांचं गोकुळ उभं राहिलंय. मेक्सिकोचे १९७० ते १९७६ या काळातले राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेर्रिया यांचं आडनाव घ्या, तेही नवघरच.

आता एचेबेर्रीचं शाव्हिएर कसं झालं? दोन ठिकाणी झीज झाली. सुरुवातीचा ‘ए’ गळाला आणि ‘च’ मऊ होऊन ‘श’ झाला. दुसरी झीज ‘बेर्री’त: ‘ए’चा ‘इए’ झाला. ही त्या भागातल्या लॅटिनच्या पोरांची जुनी खोड आहे. लॅटिन ‘तेर्रा’ म्हणजे जमीन, स्पॅनिशमध्ये ‘तिएर्रा’. लॅटिन ‘पेत्रा’ म्हणजे दगड, स्पॅनिशमध्ये ‘पिएद्रा’. तोच नियम बास्क शब्दाला लागला आणि ‘बेर्री’चं ‘बिएर’ झालं. शेजारच्या आरागोन प्रांतात, उएस्का जिल्ह्यात, हाविएर्रेगाय आणि हाविएर्रेलात्रे नावाची गावं आहेत. एकाच नावाची गावं शेजारीशेजारी सापडली की समजायचं, ते कुणा माणसाचं नाव नसून जमिनीवरच्या साध्या गोष्टीचं आहे. आपल्याकडे नवघर, नवापाडा, नवीवाडी ठिकठिकाणी सापडतात त्याचं कारणही दुसरं काही नाही.

मग ‘श’चा ‘ह’ कधी झाला? मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये एक्स हे अक्षर ‘श’ असंच वाचायचे. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पेनमधला हा ‘श’ घशात मागे सरकत ‘ख’ झाला. लिहिणं तेच राहिलं, बोलणं बदललं. शेवटी १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने नियम केला की हा आवाज जेने लिहावा. असा एक्सवाला शाविएर जेवाला हाविएर झाला. पोर्तुगीजने आणि कॅटलानने ‘श’ सोडलाच नाही.

तपासून बघायचं असेल तर दारूची बाटली बघा. हेरेस या स्पॅनिश गावाचं नाव पूर्वी एक्सने लिहायचे आणि ‘शेरेस’ म्हणायचे. इंग्रजांनी तिथली दारू नेली तेव्हा जो आवाज ऐकला तो धरून ठेवला: शेरी. आणि मेक्सिकोचे लोक स्वतःच्या देशाला ‘मेहिको’ म्हणतात पण अजून एक्सनेच लिहितात, ते जुन्या रूपाच्या मायेपोटी.

साखळीत एकही कडी ‘असंच झालं असेल’ अशी असेल तर तिथे पेन्सिलने खूण करा. ॲपच्या ‘तेजस्वी’ला तर कडीच नव्हती. कोणता अरबी शब्द, तो नवारात कसा पोचला, किल्ल्याला का लागला, यातल्या कशाचंच उत्तर नाही.

पायरी ५: नाव कधीपासून लोकांच्या तोंडी आहे ते बघा

अर्थ सापडला म्हणजे इतिहास सापडला असं नाही. हाविएर हे गाव जुनं आहे, पण मुलांना ते नाव देण्याची लाट आली फ्रान्सिस्कोला संतपद मिळाल्यावर, म्हणजे १६२२ नंतर. ते ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले, ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले, आणि १५५४ मध्ये त्यांचं शव गोव्यात आणलं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकेत ते आजही आहे. तिथलं अलीकडचं शवप्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालं. गोंयकार त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात.

म्हणून कुणाच्या वंशावळीत १५०० सालचा पणजोबा ‘झेवियर’ म्हणून दाखवला असेल, तर तो कागद दोनदा वाचा.

ब्राझीलमध्ये मात्र हे आडनावासारखंही चालतं. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला म्हणून १७९२ मध्ये ज्यांना फाशी दिलं ते तिराडेन्टेस, म्हणजे ‘दात उपटणारा’, त्यांचं खरं नाव होतं जोआकिम जुझे दा सिल्व्हा शाव्हिएर.

पायरी ६: कुठे विचारायचं

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर कुठलंही नाव टाकलं की किती लोकांचं आहे, कोणत्या प्रांतात जास्त आहे, कोणत्या दशकात जन्मलेल्यांत जास्त आहे, हे फुकट दिसतं. शोधताना ‘हाविएर’ एकटं टाकू नका, ‘फ्रान्सिस्को हाविएर’ ही जोडीही टाका, कारण घरात नुसता हावी असणाऱ्या कित्येकांच्या कागदावर जोडी असते. पोर्तुगालमध्ये नोंदणी खातं कोणती नावं चालतात आणि कोणती नाहीत याची यादीच ठेवतं. बास्क नावांसाठी १९१९ साली स्थापन झालेली बास्क भाषा अकादमी, एउस्काल्त्साइन्दिया, हिचाच शब्द अखेरचा धरा. तिचा नावांचा कोश सगळ्यांना खुला आहे.

जुन्या नोंदी बघताना एक राजकीय गोष्ट ध्यानात असू द्या. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमध्ये मुलांची नावं स्पॅनिश रूपातच नोंदवावी लागत. १९७७ च्या कायद्याने ती सक्ती उठली. त्यामुळे आज साठीच्या घरातल्या शाबिएरच्या जन्मदाखल्यावर हाविएर लिहिलेलं सापडलं तर गोंधळू नका, माणूस तोच.

आणि जन्मतारीख विचारा. पूर्वी ज्या संताच्या दिवशी मूल जन्मेल त्याचं नाव ठेवायची चाल होती. ३ डिसेंबर हा संत झेवियरचा दिवस. त्या दिवशी जन्मलेला हाविएर असेल तर ‘का ठेवलं’ याचं उत्तर कॅलेंडरवरच आहे.

पायरी ७: गोड गोष्टींपासून सावध राहा

फ्रान्सिस्कोचं लाडाचं रूप ‘पाको’. त्याबद्दल एक फार लाडकी कथा आहे: फ्रान्सिस्कन पंथाचे लोक असिसीच्या संत फ्रान्सिसला (हा झेवियर नव्हे) लॅटिनमध्ये ‘पातेर कोमुनितातिस’, समाजाचा पिता, म्हणत, त्यांची आद्याक्षरं म्हणजे पाको. होसेचं ‘पेपे’ झालं तेही अशाच लॅटिन आद्याक्षरांवरून, असं सांगतात. ऐकायला छान, पण लाडाची नावं तशी घडत नाहीत. ती पोरांच्या बोबड्या तोंडात घडतात. आद्याक्षरांवरून शब्द फोडणारी कुठलीही व्युत्पत्ती दिसली की आधी हात आखडता घ्या, मग ती स्पॅनिश असो की आपल्याकडची.

मराठीत लिहायचं कसं?

ज्याचं नाव आहे तो जसं म्हणतो तसं. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई, कारण ते स्पॅनिश बोलतात. लिस्बनचा माणूस असेल तर शाव्हिएर. आणि वसईचा, वांद्र्याचा किंवा म्हापशाचा झेवियर हा झेवियरच. त्याला ‘बरोबर उच्चार’ शिकवायला जाऊ नका. चारशे वर्षं झाली, नाव आता त्याचं आहे.

मित्राने शेवटी पत्रिकेवर छापलं, ‘झेवियर: नवं घर (बास्क)’. त्याच्या आईने विचारलं, ‘नवीन घर घेतलंस आणि मला सांगितलं नाहीस होय?’

सरावाला एक नाव देतो: गोव्यातलं ‘कायतान’. पोर्तुगीज रूप कायेतानो, इटालियन गाएतानो. जुन्या गोव्यात त्याच नावाच्या संताचं घुमटाचं चर्च आहे. संत १५४७ मध्ये वारला, संतपद १६७१ मध्ये मिळालं. पायरी २ पासून सुरुवात करा आणि इटलीच्या नकाशावर रोम आणि नेपल्सच्या मधला किनारा नीट बघा.